कापराच्या वासाचा डबा

मित्रांनो, मी एक जुनी, आखडलेली फिल्म आहे. ऐंशीहून अधिक वर्षं एकच मिरवणूक पोटात घेऊन बसले आहे. खरं सांगू? आता फार दमले आहे.

कापूस, आम्ल आणि कापूर यांतून माझा जन्म झाला. आम्लात भिजवलेल्या तशाच कापसापासून तोफांची दारूही करत, म्हणजे आम्ही भावंडंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रावरची लढाई जिंकून खलाशी न्यूयॉर्कला परतले, तेव्हा एका माणसानं कॅमेऱ्याचं हँडल फिरवून तो दिवस माझ्यावर उतरवला. आधी बँड, मग घोड्यांवरचे अधिकारी, मग खलाशांच्या रांगा. अगदी शेवटी रस्त्याच्या कडेला एक बाई दिसते. ती रांगांमध्ये कुणाचा तरी चेहरा शोधते. तो सापडायच्या आधीच मी संपते.

दोन वर्षं लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मग नवी चित्रं आली. गरज सरो, वैद्य मरो! मला पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं. तिथं दर उन्हाळ्यात मी आकसत गेले.

१९८६ साली न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसर गावात कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं; त्या गराज सेलमध्ये मालिनीकाकूंनी तो डबा घेतला. उघडला तर कापराचा वास! "हा देवाजवळच शोभेल," म्हणत त्यांनी मला देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलं. भक्ती खरी, पण रोज डोक्यावर समई! त्या उबेनं माझे वरचे वेढे चिकटू लागले. मला बँडची काळजी नव्हती. ती बाई तेवढी वाचावी, एवढंच वाटायचं.

गणपतीत काकूंच्या मैत्रिणीची मुलगी सुमेधा आली. ती केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. ताम्हन काढायला ती खाली वाकली, तिनं डबा उघडला आणि ती ओरडलीच. काकूंनी आरतीसाठी नुकतीच काडी ओढली होती.

"काकू, काडी विझवा! आधी विझवा!"

"अगं, कापराचाच तर वास आहे," काडी फुंकत काकू म्हणाल्या.

"कापूर आहेच, पण ही नायट्रेट फिल्म आहे. पेटली तर पाण्यानंसुद्धा विझत नाही!"

"मॉम, यू वर प्रेयिंग टू अ बॉम्ब?" काकूंची लेक रेखा हसत सुटली. काकू हसल्या नाहीत.

सुमेधानं जुन्या फिल्म जपणाऱ्यांना फोन केले. त्यांनी मला नेलं, हलक्या हातानं उलगडलं. बँड गेला होता, घोडे गेले होते, खलाशांच्या बऱ्याच रांगाही गेल्या होत्या. आतली वीसेक सेकंदं नव्या फितीवर उतरली.

काकूंनी ती पाहिली. "ही कुणाला शोधतेय गं?" त्यांनी विचारलं.

आता मी एका थंड खोलीत पडून आहे. पुन्हा चालायचं नाही, याचं मला बरंच वाटतं. मित्रांनो, घरात असा जुना डबा सापडला, तर त्याला नुसतं जपून ठेवू नका. दिव्यापासून लांब ठेवा आणि जाणत्या माणसाला वेळेवर दाखवा. माझी ती बाई वाचली, अजून शोधते आहे. तिचा माणूस बहुधा माझ्या वरच्या वेढ्यांत होता.