दादाच्या मेलवर लिहिलेली गवतं

मित्रांनो, मला ओळखलंत का? पाठीला रबर बांधलेला, चार्जर काढला की कपातला चहा निवायच्या आत डोळे मिटणारा जुना लॅपटॉप तो मीच. आज माझी ही अवस्था आहे, पण तरुणपणी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात माझा दरारा होता. माझा पंखा फिरू लागला की समोरच्या गोदामातली पोती हलायची. एकदा तर माझा आवाज ऐकून बदनापूरला उभी असलेली रेल्वेगाडी भोंगा झाला असं समजून निघाली. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा.

पुढे ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि मला फळीवर टाकलं. तिथून मी सोमेश्वरच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो. त्या दुकानातून मला घनसावंगी तालुक्यातल्या गोरक्षनाथने विकत घेतलं. घरी मेंढरं, आणि हा घरातला पहिला कॉलेजात निघालेला. सोबत त्याचा आजा धुळाजी आला होता, खांद्यावर घोंगडी टाकून. दुकानात शिरल्यावर त्याने आधी मला उचलून वजन पाहिलं, कोकरू घेताना पाहतात तसं.

सोमेश्वर म्हणाला, "हे बघ गोरख, लिहायला, तक्ते करायला सॉफ्टवेअर लागंल. फुकटातलं हाये, बराबर चालतं. पैशाचंबी हाये, पण तू विद्यार्थी, तुला सवलत भेटती. कॉलेजचा मेल टाकला की किंमत पार खाली येती."

"फुकटातलं नको," गोरख म्हणाला. "सरांपुढं फाईल वाकडीतिकडी उघडली तर पोरं हसतेत."

"कशाला हसतेत? मी सोता तेच वापरून राह्यलो."

"म्हणूनच तुमच्या दुकानाची पाटी उजवीकडं सरकलीय का, भाऊ?"

सोमेश्वर मान तिरकी करून पाटीकडे पाहू लागला. धुळाजीने मात्र विचारलं, "ही सवलत कवर?"

"शिकून राह्यलो तवर."

"अन् मंग?"

"मंग नोकरी लागंल ना, आज्या. तवाचं तवा पाहू."

खतासाठी शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबद्दल मेंढक्याला दाणे देतात. धुळाजीचा सगळा जन्म त्या बोलणीत गेलेला. तो म्हणाला, "मी वावरवाल्याला पहिल्या रातीचं इचारत न्हाई. उठायच्या राती काय, ते आधी ठरवून घेतो."

गोरख हसला आणि त्याने सवलतीवर बोट ठेवलं. आज्याने घोंगडी सावरली आणि मला काखेत मारलं.

चार वर्षं माझी चंगळ झाली. गोरखच्या फाइली सरळ उघडायच्या, सर शाबास म्हणायचे. त्यातली निम्मी शाबासकी माझी होती असं मी आजही मानतो. मग त्याची धाकटी बहीण प्रांजली जालन्याच्या कॉलेजात गेली. तिच्या कॉलेजने मुलांना मेल दिले नव्हते. अर्ज करा, पंधरा दिवसांनी बघू, असं उत्तर मिळालं. गोरख म्हणाला, "कशाला अर्ज करतीस? एका रेशनकार्डावर आपण सहा जणं जेवतो. एका मेलवर दोघं बहीण-भाऊ लिहू शकत न्हाईत का?"

घरात सगळ्यांना ते पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. मित्रांनो, चूक झाली ती इथे.

शेवटच्या वर्षी प्रांजलीने प्रकल्प घेतला तो गायरानातल्या गवतांचा. ती आज्यामागे हिंडायची, मोबाइलवर फोटो काढायची, आणि आजा सांगायचा. हे पवना, हे मारवेल, हे कुंदा. हे गाभण मेंढीला, ते खाल्लं तर पोट फुगतं, हे बघ, हे पावसानंतर आठ दिवस तोंडाला लावू द्यायचं नाही. त्रेसष्ट गवतं आणि पाला. घरी आली की ती फोटो माझ्या पोटात टाकायची. त्यांना नाव कसलं, नुसते लांबलचक आकडे. नावं ती वहीत उतरवायची. पण कोणत्या फोटोचं कोणतं नाव आणि त्याचा गुण काय, तो जोडलेला तक्ता तेवढा इंटरनेटवर, दादाच्या मेलच्या खात्यात होता. तिथे प्रकल्प तपासणाऱ्या दैवशाला मॅडमना तो घरबसल्या वाचता यायचा आणि कडेला शेरे लिहिता यायचे. सोय मोठी होती, ती मी नाकारत नाही.

दिवाळीनंतर आज्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे मात्र जागे राहिले.

गोरख तोवर पास होऊन पुण्याकडे कामाला लागला होता. त्याच्या कॉलेजने जुन्या मुलांचे मेल बंद करायला काढले. मी रोज माझ्या कपाळावर पिवळी पट्टी लावून दाखवायचो. तीस दिवस उरले. वीस दिवस उरले. प्रांजलीला घाई असायची. ती कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून पट्टी मिटवायची. मला बोलता येत असतं तर गावभर ओरडलो असतो. इंजिनाला हलवणारा मी, पण एका मुलीला दोन मिनिटं थांबवू शकलो नाही.

प्रकल्प द्यायला नऊ दिवस राहिले असताना खातं उघडेना. असं खातंच नाही, एवढंच मी दाखवू शकलो. मॅडमचीही वाट त्याच खात्यातून जात होती, त्यांनाही काही दिसेना.

गोरख सुट्टी काढून आला. आल्या आल्या म्हणाला, "पैसे भरून टाकू. पुरी किंमत देतो, सवलत गेली खड्ड्यात."

त्याने सोमेश्वरला फोन लावला. सोमेश्वर म्हणाला, "भरून काय करतोस? नवं घर भेटंल, रिकामं. जुनं घर तुझं नव्हतंच, कॉलेजचं होतं. कॉलेजला इचार."

कॉलेजला विचारलं. तिथला माणूस म्हणाला, सगळ्यांना तीनदा कळवलं होतं, आता डेटा पुसला गेला. कळवलं होतं त्याच मेलवर, आणि दादा तो मेल कामाला लागल्यापासून उघडतच नव्हता.

"त्यात माझ्याबी चार सालच्या नोट्स होत्या," गोरख हळूच म्हणाला.

"तुझ्या नोट्स पुस्तकात सापडतेत, दादा," प्रांजली म्हणाली. "माझ्या आज्याच्या तोंडात होत्या."

मग प्रांजलीने मला मांडीवर घेतलं आणि फुकटातलं सॉफ्टवेअर माझ्यावर उतरवून घेतलं. गोरख म्हणाला, "आता तरी चांगलं घे. तुझ्या कॉलेजचा मेल काढू, सवलतीत बसंल."

"मेल यायला पंधरा दिस लागतेत. मला नऊबी न्हाईत. अन् मेल आला तरी दादा, कॉलेज तर माझंबी सुटणारच हाये."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा हात अडखळायचा. बटणं भलतीकडे, तक्त्याच्या रेघा सरकलेल्या. एक पान नीट बसवायला सगळी दुपार गेली. पण फाईल माझ्या पोटात राहिली, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि दुसऱ्याचं कुलूप तिच्यावर नव्हतं.

मग ती मला घेऊन आज्याच्या बाजेशी बसली. एकेक फोटो मोठा करून दाखवायची आणि वहीतली नावं वाचायची. "आज्या, हे पवना का?" आजा स्थिर. "मारवेल?" आजा स्थिर. "कुंदा?" पापणी मिटायची. एका फोटोला कधी पाच नावं, कधी तीस. माझा पंखा धापा टाकू लागला की ती माझ्याखाली ताट सरकवायची. चार दिवसांत एकेचाळीस जुळली, उरलेल्यांना वेळ पुरला नाही. गुण विचारायचे तर पापणीत ते कसे मावणार? तिला जे आठवलं ते तिने लिहिलं. जे पक्कं आठवलं नाही ते सोडलं. "इसारी पाला चांगला म्हणून लिहिला तर कुणाचं तरी मेंढरू मरंल," ती म्हणाली. गोरख बाजेच्या पायाशी बसून वहीची पानं उलटून देत होता.

मित्रांनो, सवलतीचं घ्या किंवा फुकटचं घ्या, दोन्हींत मी इमानदारीने काम करीन. सवलतीतलं वाईट नव्हतं. पण घेताना आजची किंमत विचारून थांबू नका. शिक्षण संपल्यावर आपलं लिहिलेलं आपल्याला कोण उघडून देणार, ते विचारा. आपला मेल आपल्या नावाचा ठेवा. एक प्रत घरात ठेवा. आणि माझ्या कपाळावरची पट्टी मिटवण्याआधी वाचा, एवढी या म्हाताऱ्याची विनंती आहे.

प्रकल्प वेळेवर गेला. उरलेल्या बावीस फोटोंखाली प्रांजलीने प्रामाणिकपणे 'नाव पडताळता आले नाही' असं लिहिलं. मॅडमनी तो घेतला.

त्यातला एक फोटो निघाला तेव्हा आज्याचे डोळे भरले होते. बारीक पानाचं, खडकातलं गवत. तिने वहीतली सगळी नावं वाचली, मोजली तर बासष्टच, पापणी हलली नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे नाव वहीत उतरवायचंच राहिलं. आजा डाव्या हाताने घोंगडीवर थापा मारत राहिला, ओठ हलवत राहिला.

अजूनही ती रोज तो फोटो उघडून मला त्याच्यासमोर ठेवते. आजा तोंड हलवतो. ती कान जवळ नेते. आणि मी ती रिकामी ओळ उघडी धरून बसतो.