पाण्याच्या ऑफिसचा नंबर

"हां, बोला... नाय हो, मी रिटायर झालोय. काकरतळ्यातून काय? मग आज नाय, उद्या सकाळी सहाला येईल. भांडी भरून ठेवा, परवा बंद हाय."

श्रीपतने फोन ठेवला. चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला होता, तरी रोज संध्याकाळी नव्या व्हॉल्व्हमनला गाठून उद्याच्या वेळा विचारून घ्यायचा.

"सायेब, जेवा आता," त्याची बायको सुंदराबाई म्हणाली.

"जेवतोय गो. त्या सुनीलचे उद्योग हे. माझा नंबर मोबाईलच्या नकाशात टाकला, आन् वर म्हणतो मी नाय."

प्रियदर्शिनी खाली मान घालून बापाच्या ताटात भात वाढत राहिली.

नंबर तिने टाकला होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने सहज 'महाड पाणीपुरवठा' शोधलं, तर एक टँकरवाला आणि एक बाटल्यांचा एजंट सापडला. तीस वर्षं गावाला पाणी सोडणाऱ्या तिच्या बाबांचा कुठे मागमूस नव्हता. तिने अभिमानाने नकाशात पाण्याच्या ऑफिसचा म्हणून त्यांचा नंबर भरला.

पुढे फोन वाढले. सुनील बाबांच्याच ऑफिसात कारकून. एक चहा दोघांत पिणारी जोडी ती. नंबर त्यानेच दिला असं धरून बाबांनी टपरीवर चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं आणि बोलणं तोडलं. त्याच्या मुलीच्या, समीक्षाच्या लग्नालाही गेले नाहीत. प्रियदर्शिनी दर खेपेला ठरवायची, आता सांगू. नंबर काढून टाकावा, असंही मनात यायचं. पण फोन वाजला की बाबा ताठ बसायचे, आवाज भारदस्त व्हायचा. गप्प राहायला तिला हे कारण फार सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुण्याला परतायला तिने तीनची एसटी पकडली. सोमवारी सकाळी दात घासता घासता बाबा अंगणात कोसळले, ते उठलेच नाहीत.

बाबांच्या जलदान विधीला सुनील आला. मंडपात पुढे न येता चपलांपाशी टेकला. सुंदराबाई पाणी घेऊन गेली, तशी तो हलकेच म्हणाला, "वयनी, शप्पत सांगतो, मी नव्हता दिला नंबर."

"ऱ्हाऊ दे आता, भावजी. माणूसच गेला."

"म्हणून तर. आता कोनाला पटवू?"

प्रियदर्शिनी आईच्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

भंतेजींनी बुद्धवंदना घेतली. आदरांजलीची भाषणं सुरू झाली. कोणी बाबांच्या कष्टाळूपणाबद्दल बोललं, कोणी पुराच्या दिवसांबद्दल. मग माईक तिच्या हातात आला. शिकलेली मुलगी, चांगलं बोलेल, म्हणून सगळे सावरून बसले. तिने घरून दोन पानं लिहून आणली होती. ती तिने उघडलीच नाहीत.

"माझ्या बाबांनी सुनीलकाकांना खोटारडा म्हटलं," ती म्हणाली. "काका खरं बोलत होते. नंबर मी टाकला होता. चार वर्षं मला माहीत होतं, आणि मी बाबांना सांगितलं नाही."