किल्ली नवरोबांच्या खिशात

सूनबाई परदेशात एका इस्पितळात नर्स आहेत आणि त्यांचा पगार त्यांच्याच नावाच्या खात्यात जमा होतो, हे सासूबाई चारचौघांत मान ताठ करून सांगत. त्या खात्याला फोन नंबर मुलाचा जोडलेला आहे, एवढे मात्र सांगायचे राहून जाई. पैसे द्यायचे म्हटले, की बँकेचा कोड यायचा तो नवरोबांच्या खिशात. खाते उघडताना "माझाच नंबर टाका, तिला यातलं कळत नाही," असे हेच गृहस्थ म्हणाले होते. अख्ख्या वॉर्डाची औषधे मोजून देणारी ती बाई तेव्हा नुसती हसली होती.

त्या सकाळी रात्रपाळी संपवून ती घरात शिरते तोच भावाचा फोन आला. आई अत्यवस्थ होती आणि तिचेच नाव घेत होती. तिने उभ्याउभ्या दुपारच्या विमानाचे तिकीट काढायला घेतले.

"कोड आला असेल, सांग."

"थांब, आईला विचारतो," नवरोबा पावाला लोणी लावत म्हणाले. त्यांनी आईला फोन लावला.

"तिच्या माहेरी दुसरी माणसं नाहीत का?" सासूबाई पलीकडून म्हणाल्या. "उगाच कशाला खर्च?"

बोलणे संपेपर्यंत कोडची मुदत संपली.

"बाद झाला बघ," नवरोबा म्हणाले. त्यांना सुटल्यासारखे वाटले. "संध्याकाळी बघू."

ती पासपोर्ट घेऊन तडक बँकेत गेली.

"हा नंबर कोणाचा?" काउंटरवरच्या बाईंनी विचारले.

"नवऱ्याचा. तो काढा, माझा टाका."

ती दाराबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला.

"बँकेत काय चाललंय तुझं? मेसेज आला मला."

"शेवटचाच आहे तो," ती म्हणाली.

दुपारचे विमान तोवर भरले होते. रात्रीच्या विमानाने ती माहेरी पोचली, तेव्हा आई गेली होती.

"बघ, जाऊन तरी काय मिळालं?" नवरोबांनी फोनवर विचारले. असा प्रश्न विचारायलाही कातडी निबर लागते.

सूनबाई हाताबाहेर गेली, असे सासूबाई आता सांगत फिरतात. ऐकणारे माना डोलावतात. त्यांच्यापैकी कितीजणांच्या खिशात बायकोचा कोड येतो, ते त्यांचे त्यांना ठाऊक. आपल्या खिशात येत असेल, तर आज घरी गेल्यावर तिच्या डोळ्याला डोळा देऊन पाहा.