गुंडीएवढा ठिपका

कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावात धड काचेची गाडी शोधून सापडायची नाही. गावाबाहेर नेणारा डेम्पस्टरचा रस्ता सगळा खडीचा. ज्याच्या काचेला तडा नाही, तो गावाबाहेर कधी पडलाच नाही असं खुशाल समजावं. म्हणूनच त्या फेब्रुवारीत व्हेर्नाच्या व्हॅनची काच बघायला निम्मं गाव लोटलं. नवी कोरी, एक ओरखडा नाही!

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना इनुविक शहराच्या दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम व्हेर्नाला मिळायचं होतं. अट एवढीच, की शुक्रवारी दुपारपर्यंत इनुविकला गाडी तपासणीत पास व्हायला हवी. चालकासमोर काचेला तडा दिसला की नापास. मग दुसरी काच दक्षिणेतून यायला महिना, आणि तोवर काम दुसऱ्याच्या घशात. सोळा वर्षं दुकानात डबे मांडून व्हेर्ना विटली होती. हे काम तिला जिवापाड हवं होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरून ट्रक आला की कडेला घेऊन थांब म्हणे. पुढच्या गाडीपासून अर्धा मैल लांब राहा म्हणे. एका शहाण्याने तर काचेवर मूस हरणाचं कातडं बांधायला सांगितलं. मग बघायचं कुठून असं विचारल्यावर त्यालाच राग आला.

शुक्रवारी सकाळी पारा उणे अडतीसवर होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एफी मावशी थर्मास आणि सुकं मांस घेऊन आपणहून शेजारी येऊन बसली.

"मावशी, तू कशाला?"

"पहिलं गिऱ्हाईक मीच की. चल, हाक."

गोठलेली मॅकेंझी नदी ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत झालं. दोन मोठे ट्रक समोरून आले. दोघांनीही रीतीप्रमाणे वेग कमी केला, हात हलवला. व्हेर्ना गुणगुणायलाही लागली होती. तेवढ्यात वळणावरून कुणा उपऱ्या ठेकेदाराची गाडी सुसाट आली. ना वेग कमी, ना हात वर! टक्क! तिच्या चाकाखालचा खडा उडून काचेवर बसला.

काचेत, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, शर्टाच्या गुंडीएवढा ठिपका उमटला होता.

"गेलं, मावशी! सगळं गेलं!"

"रडतेस काय? ठिपका आहे, तडा नाही. ठिपका चालतो ना त्यांना?"

"चालतो. पण पसरला तर..."

काच धुरकट होऊ लागली तसा व्हेर्नाचा हात काचेवर गरम हवा सोडणाऱ्या बटणाकडे गेला. मावशीने चापट मारली.

"खबरदार! शिकारीच्या कॅम्पवर आमच्याकडे कंदील होता. बाहेरून गार काच आणली आणि वात एकदम मोठी केली की काच तडकलीच. माझ्या आईने त्यापायी मला दोनदा बडवलंय. काच हळू तापवायची असते, बाई."

मग पुढचा तासभर गरम हवा बंद! दोघींच्या श्वासाचं काचेवर बर्फ होई. मावशी बाजूने वाकून दवाखान्याच्या कार्डाने ते अलगद खरवडी, आणि तेवढ्या फटीतून व्हेर्ना गाडी हाके. पाय बधिर झाले, नाकं लाल झाली. दर खड्ड्याला दोघी श्वास रोखून ठिपक्याकडे बघत आणि तो जागचा हलला नाही की हसत सुटत. भीतीपोटी हसू येतं ते असं, हे व्हेर्नाला त्या दिवशी कळलं.

इनुविकच्या गॅरेजमध्ये तपासणीस हर्मन वही घेऊन उभाच होता. त्याने ठिपका निरखला. "एवढा चालेल. आता चाकं, दिवे बघतो. मग काचेची गरम हवा."

व्हेर्नाचं तोंड उतरलं. गरम हवा तपासायचीच असते हे तिच्या ध्यानातच नव्हतं!

हर्मन मोठं दार लावायला निघाला. मावशीने छातीवर हात ठेवला. "जरा अर्धं उघडं राहू दे रे. एकदम गरमीत मला गुदमरतं."

चाकं झाली, दिवे झाले. हर्मन गाडीत चढणार तोच मावशीने थर्मास उघडला.

"चहा घे. बरं, तू कुणाचा?"

"अक्लाविकच्या अगाथाचा नातू."

"अगाथाचा? ती नाचायला लागली की फिडलवाला दमायचा, पण ती नाही! मग तुझी आई कोणती, थोरली की ती तोंडाळ?"

"तोंडाळ," हर्मन हसला.

मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटला. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाची कुत्री कुणी पळवली. मधेच म्हणाली, "आता लाव हो दार." व्हेर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाऊण तासाने तिचं लक्ष काचेकडे गेलं. कडेचं बर्फ वितळून पाणी ओघळत होतं. काच कोमट होत आली होती. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि मावशीला तिथल्या तिथे कडकडून मिठी मारावीशी वाटली.

हर्मनने कप ठेवला आणि आत बसला. व्हेर्नाने मावशीचा हात गच्च धरला. त्याने बटण फिरवलं, सगळ्यात कमीवर. थांबला. मग एक घर पुढे. पुन्हा थांबला. मग आणखी एक. शेवटी हवा भणाणून सुटली.

ठिपका होता तेवढाच राहिला.

"पास," हर्मनने वहीत सही केली. व्हेर्ना ओरडली की रडली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

कागद देताना तो मावशीकडे वळला. "दार अर्धं ठेवायला सांगितलंत तेव्हाच कळलं होतं मला. आमची आजीही कंदिलाची वात अशीच हळूहळू मोठी करायची."