दहा इंची, बारा इंची आणि पप्पांची टाच

शेन सकाळपासून स्पीकरचं खोकं उघडून बसला होता. बहिणीचं, सियाचं, उद्या लग्न. आज संध्याकाळी उंबराचं पाणी. बायका वाजतगाजत विहिरीवरून घडे भरून आणणार आणि घडे मांडवात शिरले की पप्पा गिटार वाजवणार. उत्तनच्या त्या आळीत पप्पांच्या, म्हणजे कॅजिटनच्या, गिटारीवाचून कुठल्या घरचं पाणी आलं नव्हतं; मग पोटच्या पोरीचं कसं येईल?

आणि पप्पांना ऐकू येत नव्हतं.

हे फक्त शेनला ठाऊक. इतके महिने कसं लपवलं, त्यांचं त्यांनाच माहीत. समोरचा हसला की हसायचं, "हां हां, बरोबर" म्हणायचं. वाजवताना अनवाणी टाच स्पीकरच्या खोक्याला टेकवायची. खोकं थरथरलं की पायातून ताल कळायचा, बोटं मग आपली वाट काढायची. "सियाच्या पाण्याला वाजवनार, मंग गिटार खुंटीला," त्यांनी शेनला बजावलं होतं. "कोनाला बोलू नको."

त्यात खोक्यातल्या दोन बारा इंची स्पीकरांपैकी एकाचा कागद फाटला. शेनच्या भाईंदरच्या दोस्ताने, निकेतने, आपला दहा इंची दिला. "साइज वेगळी म्हणून काय बिघडत नाही रे. ओहम सारखे आहेत ना? बिनधास्त लाव. दहा कुरकुरीत वाजेल, बारा भरदार." शेनने नव्या फळीला भोकं पाडली, दोन्ही जोडले, गिटारची तार छेडली.

आवाज आला तो डब्यात खडे खुळखुळल्यासारखा. खालच्या सुरांचा सगळा भरणा गायब. त्याने खोक्यावर तळवा ठेवला. थरथर नाहीच.

त्याने पप्पांना खुणेने विचारलं. पप्पांनी टाच टेकवली, दोन सूर वाजवले आणि मान डोलावली. "झकास हाय!"

झकास कसलं, डोंबल! पायाला काही जाणवलं नव्हतं आणि बाप पोराचं मन राखत होता. शेनला रडूच यायला लागलं. भर मांडवात ताल सुटला तर? सगळ्या आळीसमोर?

एकेक लावून पाहिला. दहा ठणठणीत. बारा तर खोकं हलवतोय. पण सगळा जोर एकट्या बारावर टाकला तर तोही फाटणार. आणि दोघं एकत्र आले की बोंब!

"शेन, बायका निघाल्या रे विहिरीवर!" आतून आई ओरडली.

त्याने निकेतला फोन लावला.

"उलटा जोडलायस एक," निकेत म्हणाला. "एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. खालचा आवाज दोघं मिळून खातायत."

"अरे, लाल ते प्लस, बघून जोडलंय!"

"बॅटरी टेकवून बघ ना. कागद कुठे सरकतो ते डोळ्यांना दिसेल."

टेकवली. दहाचा कागद बाहेर आला. बाराचा मात्र आत गेला.

शेनने बाराच्या, तार जोडायच्या पत्तीवरचा लाल रंग नखाने खरवडला. जाड, तकतकीत, ओळखीचा. होडीचा रंग! खारी हवा लोखंड खाते, म्हणून पप्पा होडीचा उरलेला रंग जे गंजेल त्याला फासायचे. बिजागऱ्या झाल्या, सायकल झाली. इथे गंजली होती मायनसची पत्ती. होडीवाल्याच्या घरी जन्मून लाल रंगाला फसलो, म्हणत त्याने स्वतःलाच शिवी हासडली आणि तारा उलटवल्या.

तोवर बँड फाटकाशी आलाच. तपासायला वेळ कुठला! घडे मांडवात शिरले, बँड थांबला, पप्पांनी टाच टेकवली आणि पहिली तार छेडली. शेन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. भुवया वर गेल्या. मग पप्पांनी डोळे मिटले आणि असं वाजवलं, की एक ठोका चुकेल तर शपथ.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला. पप्पा तसेच, डोळे मिटून, मान खाली. लोकांना आवडलं की नाही, त्यांना कळणार कसं? आता सगळ्यांच्या लक्षात येणार, या धास्तीने शेन पुढे धावला, पण सिया आधी पोचली. तिने हाक मारली नाही. ती बापाच्या पायाशी बसली आणि दोन्ही तळव्यांनी खोक्यावर थापा मारायला लागली, टाळ्यांच्या लयीत, जोरजोरात.

पप्पांनी डोळे उघडले. टाच तशीच ठेवून ते तिच्याकडे बघत हसले, आणि मग त्यांना रडू आवरेना.

"तुला कधीपासून माहीत?" शेनने तिच्या कानाशी विचारलं.

"तुझ्या आधीपासून," ती म्हणाली, आणि थापा मारायची थांबली नाही.