मौनाची संमती

चातुर्मास लागला तसं गीतानं मौन धरलं होतं. सकाळी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. नैवेद्य झाला की आधी देवाचं नाव, ‘बिंदुमाधवा’ म्हणायचं आणि मग बाकीचं बोलणं. रामघाटच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. दूधवालासुद्धा सकाळी तिला काही विचारत नसे. ब्रह्माघाटचे काशीनाथराव, म्हणजे तिच्या लेकीच्या, स्वरदाच्या शाळेचे मुख्याध्यापक, त्यांना तर नक्कीच ठाऊक होतं. म्हणूनच संध्याकाळची पालकसभा एकाएकी सकाळवर आली, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

“अहो, वेळ बदलली बघा,” तिनं नवऱ्याला फोन दाखवला.

“हॉल मिळाला नसेल गं,” श्रीनिवास म्हणाला. “तुला मेलं सगळीकडे काळंबेरंच दिसतं.”

“दिसणारच. या शाळेचं बोलणं रोज कूस बदलतंय.”

झालं होतं ते असं. पाच शाळांनी मिळून मुलांची एकच चाचणी घ्यायचं ठरवलं. पालकांच्या ग्रुपवर निरोप आला की ही परीक्षा नव्हेच, मुलं कुठवर आलीत एवढंच पाहायचंय. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी स्वरदाचं अंग तापलं, तेव्हा गीतानं काशीनाथरावांनाच फोन करून विचारलं, पोरीला घरी ठेवू का?

“पाठवा हो, ताई,” ते हसले होते. “त्या गुणांचं कोण लोणचं घालतंय!”

तिनं पाठवली. पोर अर्धा पेपर कोरा ठेवून बाकावर डोकं टेकून झोपली.

पुढचा निरोप आला, निकाल फक्त शिक्षकांसाठी आहे. आणि आता म्हणे दसऱ्याच्या सुट्टीनंतर तुकड्या याच निकालावर, आणि मागे पडलेली मुलं वरुणा नदीपलीकडच्या शाखेत, ‘विशेष लक्ष’ द्यायला. आधीचे निरोप ग्रुपवरून कुणी पुसले, देव जाणे.

सभेत गीता पुढच्याच रांगेत बसली. काशीनाथरावांनी तिला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार जरा जास्तच खाली गेला, असं तिला वाटलं.

बरेचसे पालक हिंदी बोलणारे, म्हणून ते हिंदीत गोड गोड बोलले. चाचणीचा हेतू पहिल्यापासून हाच होता म्हणाले. मग घसा साफ करून हरकतींकडे वळले, “जिन्हें आपत्ति हो, बोलें। चुप रहना सहमति माना जाएगा।”

हॉलमध्ये चुळबुळ झाली, पण कुणी उठेना. गीतानं हात वर केला.

“गीताताईंचं सकाळी मौन असतं,” काशीनाथराव हात जोडून मराठीत म्हणाले आणि मग सगळ्यांकडे वळले. “इनका व्रत है। हम इन्हें कष्ट नहीं देंगे।”

मागे कुणी बाई भक्तिभावानं ‘अरे वाह’ म्हणाली. गीताचा हात तसाच वर राहिला. वरुणेपलीकडे जाणाऱ्या गाडीत एकटी बसलेली स्वरदा तिच्या डोळ्यांपुढे आली. तिच्याच आईनं तापात पाठवलेली.

ती उभी राहिली.

“बिंदुमाधवा,” ती म्हणाली.

काशीनाथरावांचा चेहरा उतरला. “ताई, अहो, मौन मोडलंत?”

“मोडलं. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही एवढंच सांगा, हे लोणचं कुणी घातलं?”

ते समोरचे कागद सारखे करू लागले. मग ती पालकांकडे वळली आणि हळू आवाजात हिंदीत विचारलं, “यह परीक्षा नहीं है, ऐसा किस-किसको कहा गया था?”

आधी एक हात वर आला. मग रांगेमागून रांग.

संध्याकाळी ग्रुपवर निरोप झळकला. पहिल्यापासून ठरल्याप्रमाणे, सध्या तुकड्या व शाखा या चाचणीवरून ठरणार नाहीत. पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

“घे, झालं तुझ्या मनासारखं,” श्रीनिवास म्हणाला. “अफवा तूच पसरवलीस वाटतं!”

गीता हसली नाही. “आणि हे ‘सध्या’ कशाला घातलंय?”

“बाई गं, आता तरी पुरे कर!”

ती देवापुढे जाऊन बसली. मोडल्या नेमाची क्षमा मागितली आणि त्याच्या बदल्यात दुसरा नेम बोलली, कार्तिकीपर्यंत जेवणात मीठ नाही. मौनाचं मात्र तिनं पुन्हा नाव काढलं नाही. सकाळच्या वेळी आता तोंड मोकळं असलेलं बरं.