काकांची फुंकर

मित्रांनो, मी एका इस्पितळातली जुनी तार आहे. वर पिवळं आवरण आणि आत केसासारखी बारीक काच. माझ्यातून वीज नाही, उजेड धावतो. ऑपरेशनच्या खोलीतली चित्रं मी शेजारच्या खोलीत मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवते. त्या ती बघून तरुण डॉक्टरला मार्ग दाखवतात. अंतर हाकेवरचं, पण माझा जीव कायम टांगणीला.

मला इथे बसवलं वायरवाल्या काकांनी. साफसफाईसाठी मला उपसलं, की ते माझ्या दोन्ही टोकांवर हळूच फुंकर घालत आणि मगच खोचत. "गुणाची आहे गं तू," म्हणत. मला फार बरं वाटे.

मग दोन्हीकडे नवी, वेगवान मशीन्स आली. काकांनी नेहमीसारखी फुंकर घातली आणि ऑपरेशन सुरू झालं. थोड्याच वेळात माझी घालमेल सुरू झाली. थोडा उजेड एका टोकावर आपटून मागे फिरे, दुसऱ्या टोकावर आपटून पुन्हा पुढे येई आणि उशिरा पोचून नव्या चित्रात लुडबुड करी. रिकाम्या खोलीत आपलेच शब्द घुमून बोलणं कळेनासं होतं ना, तसं. जुन्या संथ मशीन्सच्या काळात हे खपून जाई. आता चित्र जागच्या जागी थिजलं.

"हात थांबव! मला काही दिसत नाहीये!" डॉक्टरीणबाई माइकवर ओरडल्या.

तिकडे टेबलावर कुणीतरी बेशुद्ध पडलेलं होतं.

काका धावत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आले. सोबत त्यांची मुलगी होती. तीही आता हेच काम करते. काकांनी माझं तिथलं टोक उपसलं आणि ओठांचा चंबू केला.

"बाबा, फुंकू नका!"

"अगं, इतकी वर्षं फुंकतोय!"

"तोंडातला ओलावा काचेवर सुकतो. हे बघा डाग. उजेड त्यांच्यावरच आपटून मागे फिरतो."

काकांनी तिच्या भिंगातून पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. तिने माझं टोक पुसायच्या कोरड्या पट्टीवर अलगद फिरवलं आणि टक्कन बसवलं. एक टोक स्वच्छ झालं, तशी उजेडाची येरझार तुटली आणि चित्र हललं.

"दिसतंय. चालू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, लेकराचं ढोपर खरचटलं तर जरूर फुंकर घाला. आम्हाला मात्र कोरडं पुसा, टोपण घाला. माझं ऑपरेशनच्या खोलीतलं दुसरं टोक अजून तसंच डागाळलेलं आहे आणि ऑपरेशन संपेपर्यंत आत कुणाला जाता येत नाही. काका दाराबाहेर कोरडी पट्टी घेऊन उभे आहेत, ओठ घट्ट मिटून.